काट्याची भिंत



मागील खेपेस आपण गच्चीच्या गळतीविषयी बोललो. त्यानंतर दोघा-तिघांनी रस्त्यात थांबवून एकच प्रश्न विचारला. हल्ली नव्या घरांच्या बाथरूममध्ये भिंतीवर तिरप्या पट्ट्यांची नक्षी दिसते, दुकानदार तिला 'हेरिंगबोन' म्हणतात. ती आपल्या घरात जमेल का, आणि आपल्या पोरांना ती लावता येईल का? हा प्रश्न विचारणाऱ्यांत घर बांधणारे होते, तसेच दुसऱ्याच्या घरात फरशी बसवून पोट भरणारेही होते. दोघांसाठीही हा लेख आहे.

हेरिंग हा थंड समुद्रातला मासा. आपल्या ताटात तो येत नाही, पण उजनीचा मासा ज्याने खाल्ला आहे त्याला नक्षी सांगावी लागत नाही. मधोमध कणा आणि दोन्ही बाजूंना तिरपे निघालेले काटे. गंमत अशी, की इटलीतले गवंडीसुद्धा या रचनेला माशाचा काटाच म्हणतात. तिथल्या फ्लॉरेन्स शहरात ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने १४२० ते १४३६ या काळात एका मोठ्या चर्चचा घुमट उभा केला. खालून लाकडी साच्याचा आधार न देता तो बांधायचा होता. ओली वीट आत घसरू नये म्हणून त्याने अधूनमधून उभ्या विटा घालून काट्याची वीण फिरवत वर नेली. त्याच्याआधी हजारएक वर्षे रोमन लोक विटांच्या फरशीत ही रचना वापरत होते. म्हणजे ही काही कालची फॅशन नाही. फरक इतकाच, की तिथे ही वीण वजन धरत होती. आपल्या भिंतीवर ती नुसती शोभा असते, उलट भिंतीनेच तिला धरून ठेवायचे असते. म्हणून ती चुकली तर घर पडत नाही. पैसे मात्र जातात, आणि चूक रोज अंघोळीच्या वेळी समोर उभी राहते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सात रस्त्याजवळ आमच्या ओळखीच्या एक अक्का राहतात. दवाखान्यात आया म्हणून जन्मभर नोकरी केली, निवृत्तीचे पैसे हाती आले, त्यातून त्यांनी आधी बाथरूम बांधायला काढले. मुलगा म्हणत होता वरचा मजला चढवू. अक्का म्हणाल्या, आधी न्हाणीघर. त्यांचे म्हणणे मला पटले, कारण पूर्वीची त्यांची न्हाणी मी पाहिलेली आहे. घरामागे शहाबादीचे चार तुकडे, एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला जुन्या लुगड्याचा आडोसा. उजाडायच्या आत बायकांनी अंघोळ उरकायची, नाहीतर दिवसभर वाट बघायची. आपल्यापैकी कितीतरी घरांतल्या आया-बहिणींनी अशीच वर्षे काढली. तेव्हा दारे लावून, दिवा लावून, सावकाश अंघोळ करता येईल अशी चार बाय सहाची खोली, आणि तिच्या एका भिंतीवर नातीने मोबाईलमध्ये दाखवलेली काट्याची नक्षी, एवढी त्यांची हौस होती. ती काही फाजील म्हणता येणार नाही.

काम माझ्या भाच्याला मिळाले. पोरगा हाताचा चांगला, सरळ टाईल्स झरझर लावतो. बोलणी चौरस फुटावर झाली, आणि सरळ टाईल्सच्याच दराने झाली. इथेच पहिली चूक झाली. ती त्याची एकट्याची नाही, माझीही आहे. त्याला काट्याचे काम कधी शिकवले नव्हते आणि "जा, जमेल तुला" म्हणून मीच पाठवले.

तीन बाय बारा इंचाच्या पट्ट्या आणल्या होत्या. भाच्याने सरळ कामाची सवय धरली. डाव्या कोपऱ्याला गुण्या लावला, पंचेचाळीस अंशांत पहिली पट्टी चिकटवली आणि तिथून उजवीकडे निघाला. दुपारी तीनच्या सुमारास मी चहाला म्हणून डोकावलो, तोवर पन्नासेक पट्ट्या लागल्या होत्या. दारातून बघताच डोळ्यांना काहीतरी खटकले. ओळंबा सोडला. नक्षीची टोके नळाच्या पाईपाशी जुळेनात, एका अंगाला कलत चालली होती. उजव्या कोपऱ्यात खाली तीन इंचाचा तुकडा बसत होता, तोच वर जाईपर्यंत दोन इंचांवर आला असता.

कारण साधे होते. डावी भिंतच ओळंब्यात नव्हती. सात फुटांत सुमारे एक इंच आत झुकलेली. सात रस्त्याच्या आसपासच्या जुन्या वस्तीत हे नवल नाही. एका ठिकाणाहून सात वाटा फुटल्या की मधल्या जागा पाचरीसारख्या होतात. घराला काटकोन मिळेलच असे नाही, आणि जुन्या भिंतीला एका दमात उभारलेलेही नसते. सरळ चौकोनी टाईल्समध्ये हा दोष कोपऱ्याच्या तुकड्यात लपतो. काट्याच्या नक्षीत प्रत्येक पट्टी शेजारणीच्या अंगावर टेकलेली असते. पहिली कलली की सगळी पलटण कलते.

काढून टाकायचे ठरले. दुपारनंतरच्या पट्ट्या केमिकल ओले असल्याने सुटल्या, बादलीत धुऊन घेतल्या. सकाळच्या घट्ट झाल्या होत्या. त्यात अकरा फुटल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामा-भाचे मिळून नुसत्या रेघा मारत बसलो. अक्का दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांना राहवेना. "अहो भाऊ, सकाळपासून एक पट्टी लागली नाही. नुसत्या रेघांची हजेरी कुठं असते का?"

मी म्हणालो, "अक्का, काल रेघा मारल्या नाहीत म्हणून अकरा पट्ट्या फुटल्या."

त्या काही बोलल्या नाहीत, पण तिथेच उंबऱ्यावर बसल्या, आणि मग दोरीचे दुसरे टोक त्यांनीच धरले. आता त्या रेघा कोणत्या, ते सांगतो. कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचावे, म्हणजे ध्यानात येईल.

प्रथम भिंतीची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी मोजावी. आमच्याकडे खाली चार फूट म्हणजे १२२० मिलिमीटर भरले, वर २५ मिलिमीटर कमी. या तिन्हींचा मध्य काढून वरून ओळंबा सोडावा आणि गेरू लावलेल्या दोरीने उभी रेघ उठवावी. कोपरा खरा धरायचा नाही, ओळंबा खरा धरायचा. भिंतीचे वाकडेपण दोन्ही कोपऱ्यांत थोडे थोडे वाटून जाते आणि मग कोणाच्या लक्षात येत नाही.

आता बहुतेक गवंडी जिथे फसतात ती जागा. मध्याची रेघ मिळाली की नक्षीचे टोक बरोबर तिच्यावर ठेवायचा मोह होतो. पण या नक्षीचा डावा आणि उजवा भाग आरशातल्यासारखा सारखा नसतोच. दोन पट्ट्या जमिनीवर ठेवून बघा. एक पट्टी टोकापर्यंत पूर्ण जाते, दुसरी तिच्या कुशीला टेकते. त्यामुळे टेकलेल्या पट्टीचा हात दुसऱ्यापेक्षा पट्टीच्या रुंदीएवढा लांब पडतो. तीन इंची पट्टी पंचेचाळीस अंशांत असताना हा फरक भिंतीवर आडवा मोजला तर दोन इंचांच्या थोडा वर येतो. म्हणून टोक मध्यावर न ठेवता साधारण एक इंच बाजूला घ्यायचे. जी पट्टी टोकापर्यंत पूर्ण जाते, तिच्या बाजूला. मध्याच्या रेघेपासून तेवढ्या अंतरावर दुसरी उभी रेघ मारावी आणि काम हिच्यावर करावे. असे केले, की दोन्ही कोपऱ्यांत येणारे तुकडे एकाच मापाचे निघतात, फक्त अर्ध्या पायरीने खाली-वर. हा एक इंच मला एका जुन्या उस्तादाने बोटाच्या पेराने दाखवला होता. त्यामागचा हिशोब मी पुष्कळ वर्षांनी कागदावर मांडून पाहिला आणि तो बरोबर निघाला.

तिसरी रेघ आडवी. लेव्हल पाईपात पाणी भरून दोन्ही कोपऱ्यांत खुणा कराव्यात आणि त्या रेघेवर लाकडी पट्टी ठोकावी. ओल्या केमिकलवर टाईल खाली सरकते, तिला हा आधार. पट्टीच्या वर, कामाच्या रेघेवर टोक येईल असा प्लायवूडचा काटकोन त्रिकोण ठोकावा, ज्याच्या दोन्ही बाजू पंचेचाळीस अंशांत उतरतात. पहिल्या दोन पट्ट्या या त्रिकोणाच्या दोन उतारांवर बसतात. त्रिकोण खरा आहे की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. त्याच्या टोकापासून सरळ खाली दोन फूट आणि तिथून आडवे दोन फूट मोजून खूण करा. टोकापासून त्या खुणेपर्यंत धरलेली दोरी त्रिकोणाच्या बाजूला चिकटून गेली पाहिजे. दोन्ही अंगांना बघावे.

मग पायऱ्यांच्या खुणा. एकावर एक चढणारी प्रत्येक जोडी किती वर जाते? पट्टी ७५ मिलिमीटर, सांधा २ मिलिमीटर, मिळून ७७. याला १.४१४ ने गुणले की सुमारे १०९ मिलिमीटर येतात. पाच जोड्यांना ५४५. तेव्हा उभ्या रेघेवर दर ५४५ वर एक खूण करून ठेवावी. पाचवी जोडी खुणेला आली नाही तर तिथेच थांबावे, पुढे जाऊन सुधारू म्हणू नये. आडव्या अंगाने एका टोकापासून पुढच्या टोकापर्यंत ३०२ गुणिले १.४१४ म्हणजे सुमारे ४२७ मिलिमीटर. पण हे आकडे बॉक्सवर छापलेल्या मापाचे आहेत. पट्ट्या प्रत्यक्ष मोजा. दहा पट्ट्या एकाला एक लावून टेपने बघितले तर कुठली मिलिमीटरभर मोठी, कुठली लहान, हे कळते. सरळ कामात अशी पट्टी सांध्यात सांभाळून घेता येते, या नक्षीत ती पुढच्या सगळ्यांना ढकलते. आम्ही सर्व बॉक्स उघडून पट्ट्यांचे तीन ढीग केले. बॅच नंबरही तेव्हाच पाहून घ्यावा, रंगात फरक निघाला तर परत करता येतो.

हे सगळे झाले तरी केमिकल कालवायचे नाही. बाहेर ओट्यावर भिंतीच्या रुंदीएवढी जागा खडूने आखून चार-पाच रांगा कोरड्या मांडून बघाव्यात. कोपऱ्यात नखाएवढे त्रिकोण येत असतील तर मध्यावर टोकाऐवजी खाच घ्यावी. त्याने सगळी नक्षी अर्धा नमुना सरकते. एक इंचाचा हिशोब तेव्हाही सुटत नाही, तो खाचेलाही लागू आहे. अक्कांनी ओट्यावर दोन्ही मांडण्या पाहिल्या आणि टोकाची पसंत केली. "खाच नको," म्हणाल्या, "खाली बघितल्यासारखं वाटतं." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पट्ट्यांचा अंदाज असा काढावा. चार बाय सात फूट म्हणजे २८ चौरस फूट. एका चौरस फुटाला चार पट्ट्या, म्हणजे ११२. सरळ कामात शेकडा दहा तूट धरतात. इथे चारही कडांना तिरपे काप येतात, म्हणून पंधरा धरावी, छोट्या भिंतीला तर वीससुद्धा. पंधराने १२९ होतात. बारा पट्ट्यांचा बॉक्स, म्हणून अकरा बॉक्स पुरले असते. मी सुरुवातीलाच एक जास्त आणायला लावला होता. तोच कामी आला. त्याच्या बारांपैकी अकरा भाच्याने फोडल्या होत्या.

त्या अकराच्या पैशांचे काय झाले, हे विचाराल. भाचा म्हणाला, माझ्या मजुरीतून कापा. अक्का म्हणाल्या, अर्धेच काप. दोन दिवसांत उरक म्हणून मीच त्याच्या पाठीस लागले होते. मला मात्र वाटते, की कापायचेच तर माझ्याकडून कापायला हवे होते. मी देऊ केले ते त्यांनी घेतले नाही. असो.

खरे दुखणे दराचे आहे, आणि कारागीर बंधूंनी ते मनावर घ्यावे. चौरस फुटाच्या बोलीत आखणीचा दिवस कुठेच येत नाही. भिंत तीच, फूट तेवढेच, पण तुकडे दुप्पट आणि एक दिवस आखणीचा. मग पोरगा तो दिवस वाचवायला बघतो. मजुरीने केलेल्या घाईचा दोष शेवटी त्याच्याच हातावर येतो. म्हणून काम घेताना काट्याच्या नक्षीचा दर वेगळा सांगावा, आखणीची एक हजेरी वेगळी धरावी, फुटतूट कोणाची हे आधी ठरवावे आणि वहीच्या पानावर का होईना दोघांच्या सह्या घ्याव्यात. घरमालक भगिनींनीही दोन दिवसांऐवजी चार दिवस लागतील हे गृहीत धरावे. सगळ्या भिंतींना ही नक्षी करू नये. समोरची एक भिंत काट्याची, बाकीच्या साध्या. खिशालाही बरे आणि खोलीही भरून गेल्यासारखी वाटत नाही.

दुसरी एक गोष्ट. भाचा ग्राइंडरने कोरडेच काप घेत होता आणि पांढरा धुरळा ओटाभर. टाईल्समध्ये सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस जडतो, आणि त्यावर बरे करणारे औषध नाही. तिरप्या कामात काप जास्त, म्हणून धूळही जास्त. पाण्याचा कटर वापरावा. तो नसेल तर बिगाऱ्याने बाटलीने बारीक धार धरावी, पण विजेच्या यंत्राला पाणी लागू नये एवढे भान ठेवून. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा चांगला मास्क लागतो. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी? १८ ते ६० वयाचा, मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेला कोणीही नोंदणी करू शकतो, फरशीवालासुद्धा. भाच्याने ती केलेली नव्हती. पुढच्याच आठवड्यात मी त्याला कागद घेऊन धाडले.

लावताना फारसे सांगण्यासारखे नाही. टाईल्सच्या केमिकलला भारतीय मानक आयएस १५४७७ आहे, पिशवीवर ते बघून घ्यावे. सिमेंटवर सिरॅमिक टाईल्स लावायच्या तर आधी पाण्यात भिजवाव्या लागतात. केमिकलवर लावताना भिजवायच्या नाहीत, कोरड्याच लावायच्या. दातेरी थापीने केमिकल एकाच दिशेने ओढावे आणि एका वेळी दोन-तीन पायऱ्यांपुरतेच पसरावे, त्यावर साय धरली की पकड जाते. कोपऱ्यातले तिरपे तुकडे शेवटी, दुसऱ्या दिवशी. आणि ओल अडवायचे काम नक्षी करत नाही. भिंतीला वॉटरप्रूफिंग आधी झालेले असले पाहिजे.

सांध्यांबद्दल मात्र घरातल्या बायकांना आधी विचारावे, कारण घासणार त्या. एक फुटी चौकोनी टाईल्सला दर चौरस फुटामागे दोन फूट सांधा येतो. या पट्ट्यांना पाच फूट. अक्कांच्या एका भिंतीवर १४० फूट सांधा आहे. सोलापुरात बोअरचे जड पाणी ज्यांच्या घरी येते त्यांना पांढरे डाग सांगायला नकोत. दुकानदाराने पांढरे ग्राऊट दाखवले होते, आम्ही राखाडी घेतले, आणि नहाणीच्या बाजूला खालचे चार फूट महाग असले तरी इपॉक्सीचे भरले. जिथे दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात ग्राऊट न भरता सिलिकॉन भरले, तिथे भिंती हलतात आणि ग्राऊट तडकते.

काम पाचव्या दिवशी संपले. ओळंबा पुन्हा सोडला, वरपासून खालपर्यंत टोके दोरीला धरून होती. डाव्या कोपऱ्यात निरखून बघितले तर वरचे तुकडे खालच्यापेक्षा जरासे लहान आहेत, पण ते मला आणि भाच्याला ठाऊक म्हणून. चार पट्ट्या उरल्या. त्या अक्कांनी वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखाली ठेवल्या आहेत. उद्या नळाचा पाईप फुटला आणि भिंत फोडावी लागली तर त्याच बॅचची पट्टी बाजारात मिळणार नाही, हे मी त्यांना सांगितले होते.

भाच्याला त्याच गल्लीतले दुसरे घर मिळाले आहे. तिथेही काट्याचीच नक्षी. यावेळी वहीच्या पानावर आखणीची हजेरी त्याने आधी लिहून घेतली. घरमालकाने थोडी घासाघीस केली, तेव्हा तो त्यांना अक्कांच्या घरी घेऊन गेला. अक्कांनी बाथरूमचे दार उघडून दिवा लावला आणि म्हणाल्या, "आधी ओट्यावर मांडून दाखव म्हणावं याला. मग ठरवा."